वाघापुढं पळायचं नाही

अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की मला जंगल आठवत नाही, हैदराबादचा एक रस्ता आठवतो.

माझी लेक सुमी लहान असताना तिचे बाबा तिथं इमारतीच्या कामावर होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला शहर दाखवायला घेऊन निघाले. धाकटा त्यांच्या खांद्यावर होता आणि सहा वर्षांची सुमी माझ्या हाताला. रस्ता ओलांडताना धक्काबुक्कीत तिचा हात सुटला. पलीकडं पोचून वळून पाहते, तर पोर रस्त्याच्या मधोमध उभी आणि समोरून बस येत होती.

"पळ सुमे, पळ!" मी ओरडले.

ती हललीच नाही. हात अंगाशी घट्ट आणि नजर बसवर खिळलेली. करकचून ब्रेक लागले आणि बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाबांनी धावत जाऊन तिला उचलून आणलं.

"काऊन नाई पळाली वं?" मी तिला छातीशी धरून विचारलं.

ती म्हणाली, "तूच तं सांगतलं, मोठं जनावर आलं तं पळाचं नाई. त्याच्याकडं पाहत उभं राहाचं."

मोह वेचायला नेताना वाघासाठी मीच तिला हे शिकवलं होतं.

तेव्हा वाटलं, पोर किती भोळी. आता वाटतं, एवढ्या मोठ्या बसपुढं ती फक्त माझ्या शब्दावर उभी होती.

उद्या सुमीची लेक पहिल्यांदा माझ्यासोबत मोहाला येणार आहे. "वाघ दिसला तं काय कराचं, आजी?" ती विचारते. मी सांगते.

"हात सोड नं आजी," ती म्हणते, "दुखते."