अबू नासिरचं हरीण

त्या दिवशीच्या हरणाच्या शिकारीत एकच जण जखमी झाला, आणि तो मी.

हरीण अबू नासिर यांचं होतं. अबू नासिर माझे कफील, म्हणजे सौदीतले माझे जामीनदार मालक. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्यांच्या हातात, आणि बुरैद्याबाहेरच्या त्यांच्या खजुराच्या बागेतले पंप गेली चौदा वर्षं माझ्या हातात. डिसेंबरात ते म्हणाले, "शुक्रवारी बायकोपोरीला बागेत घेऊन जा. मी दहाला पाहुणे घेऊन येतो."

आम्ही सातलाच पोचलो. थंडी अशी की बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी फरवा घातला होता. फरवा म्हणजे आतून मेंढीची लोकर असलेला लांब झगा. हा मालकांनीच दिलेला जुना. मालक सहा फुटी, मी पाच फूट तीन इंच. त्यामुळे मी चालायचो पुढे आणि फरवा यायचा मागून.

माझी मुलगी अलिफा दहा वर्षांची. ती म्हणाली, "अब्बा, डिअर को पास से देखना है."

मी हरणाच्या कुंपणाचं जाळीचं दार उघडून आत शिरलो.

"दार लावा," माझी बायको नसरीन म्हणाली.

"लावलंय गं."

लावलं होतंच. कडी तेवढी घालायची राहिली. हरणानं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि बाहेर पडलं.

"घाबरू नकोस," मी नसरीनला म्हणालो. "शिकार आमच्या रक्तात आहे. आमचे आजोबा दापोलीच्या रानात बंदूक घेऊन फिरायचे." (आजोबांनी आयुष्यात एकदाच बंदूक हातात घेतली होती, तीही खोताची, पुसायला.)

मी खजुराच्या झाडांआडून रांगत निघालो.

"दिसताय तुम्ही," नसरीन मागून म्हणाली.

"हरणाला नाही दिसत."

"ते तुमच्याकडेच बघतंय."

मग आम्ही पिकनिकची चादर काढली. दोन टोकं नसरीनच्या हातात, दोन माझ्या. हरीण मधोमध आलं, अगदी सावकाश उडी मारून चादरीवरून पलीकडे गेलं. मी मात्र चादरीसकट वळलो, फरव्यात पाय अडकला आणि छाटून टाकलेल्या खजुराच्या झावळ्यांवर पडलो. त्या झावळ्यांना बोटभर लांबीचे काटे असतात, हे मला चौदा वर्षांत पहिल्यांदाच नीट कळलं. गुडघ्यात तीन आणि जिथे कुणाला दाखवता येत नाहीत तिथे दोन.

"मी गाडी काढतो," मी म्हणालो.

"आणि गाडीनं हरणाच्या मागे लागलेलं कुणी पाहिलं तर? इथं हरणाची शिकार म्हणजे सरळ तुरुंग. आमचं पाळलेलं आहे, हे पोलिसांना कोण सांगणार? हरीण?"

गाडी राहिली. मी पायीच धावलो. हरणानं पाण्याचा पाट खूर न भिजवता ओलांडला. मीही उडी मारली. मी पलीकडे गेलो, फरवा अलीकडेच राहिला, आणि शेवटी आम्ही दोघं मध्ये भेटलो. त्या पाण्यात श्वासच बंद झाला. बाहेर आलो तेव्हा लोकरीनं निम्मा पाट पिऊन टाकला होता.

"अब्बा, यू लुक लाइक अ शीप," अलिफा म्हणाली. नसरीननं तोंडाला ओढणी लावली. थंडीमुळे असावी.

पण मग हरीण बागेच्या मोठ्या फाटकाकडे वळलं आणि आम्हा तिघांचंही हसू गेलं. फाटक सताड उघडं होतं. (तेही मीच ठेवलेलं.) पलीकडे हमरस्ता, त्यापलीकडे नुसती वाळू. हरीण ट्रकखाली आलं किंवा वाळवंटात गेलं, तर मी मालकांना काय तोंड दाखवणार होतो? अलिफाची शाळा, घर, चौदा वर्षं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी जीव खाऊन धावलो, कसाबसा हरणाच्या आधी फाटकात पोचलो आणि हात पसरून उभा राहिलो. ओल्या फरव्यातून पाणी ठिबकत होतं, दात वाजत होते. समोर वीस पावलांवर हरीण, शांतपणे रवंथ करत.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे गाडी थांबली. अबू नासिर पाहुण्यांसह अर्धा तास आधीच आले होते. ते उतरले, फाटकातून माझ्या बाजूनं आत आले, चार पावलं गेले, आणि वळून त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा हरणाकडे पाहिलं.  नुसता हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाले, "तआल."

तआल म्हणजे ये. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं जनावर ते. मान खाली घालून निमूट त्यांच्याकडे चालत आलं.

पण ते पोचलं तेव्हा मालकांसमोर मी आधीच चालत येऊन मान खाली घालून उभा होतो.