राणीच्या गळ्यातली कुरडई

नॉटिंगहॅमला मास्टर्स करताना मी एका मराठी काका-काकूंकडे भाड्याने राहायचो. माझ्या नकलांचा वैताग येतो असं दोघंही म्हणायचे, आणि जेवायला बसलं की काकाच म्हणायचे, "तो वेदरवाला कर रे." मग मी टीव्हीवरचा वेदरवाला करायचो, बसचा ड्रायव्हर करायचो, बार्शीच्या शाळेतले हेडमास्तर करायचो, आणि काका बाहेर गेले की काकापण करायचो. लायब्ररीच्या बोर्डावर "मोठ्या आवाजाचा माणूस पाहिजे" अशी नोटीस दिसली तेव्हा काकू म्हणाल्या, "जा बाबा. तिकडे जाऊन ओरड."

ती नोटीस लावणारी मंडळी दर उन्हाळ्यात एका मैदानावर ट्यूडर फेअर भरवायची. म्हणजे बँकेतले, शाळेतले, कौन्सिलमधले लोक वीकेंडला चारशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून हिंडणार आणि बाकीचं पब्लिक बर्गर खात त्यांना बघणार. मला टाउन क्रायर केलं. आपला दवंडीवाला. अट एकच: आपला कॉस्च्युम आपण शिवायचा, आणि जिथे टाका दिसतो तिथे मशीन चालणार नाही. मी तोपर्यंत शर्टाला बटण लावताना मांडीवरची पँटपण सोबत शिवणारा माणूस होतो.

शिवण शिकवायला एक रिटायर्ड नर्स होत्या. आपल्याकडे शिंप्याला टेलरमास्तर म्हणतात, म्हणून मी त्यांना मनात मास्तरीणबाई म्हणायचो. त्या सगळ्यांना "मी डक" म्हणायच्या. मला वाटलं बाईंना मी बदक दिसतो. मग कळलं, नॉटिंगहॅममध्ये ते आपल्या "बाळा"सारखं आहे. दोन आठवड्यांत मी त्यांच्यापेक्षा भारी "मी डक" म्हणायला लागलो.

नक्कल मात्र आवाजापुरतीच जमली. त्यांच्या हाताची काही केल्या जमेना. कापडाचा काठ दोन बोटांत वळायचा, वळता वळता एक टाका घ्यायचा, पुन्हा वळायचा. बाई माझ्याशी गप्पा मारत, खिडकीबाहेर बघत हे करायच्या आणि मागे केसासारखी बारीक कडा तयार होत जायची. मी घरी प्रॅक्टिस करत बसलो की काकू डोकावून म्हणायच्या, "काय रे, वाती वळतोयस?" आणि खरंच, वाती वळायच्या म्हणून बोटं चालवली तेव्हा ते जमलं.

त्या वर्षी फेअरची राणी स्वतः बाईच होणार होत्या. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या राण्या सजवल्या होत्या आणि फेअरचा दिवस तंबूत, तोंडात टाचण्या धरून काढला होता. आता त्यांच्या बोटांचे सांधे आखडत चालले होते. "पुढच्या वर्षी मला सुई धरता येईल की नाही देव जाणे," त्या एकदा सहज म्हणाल्या. "म्हणून यंदा मी." गाऊन तयार होता. राहिला होता रफ, म्हणजे ते गळ्याभोवतीचं गोल, कडक, पांढरं चुण्यांचं चाक. त्याची लांबलचक लिननची पट्टी त्यांनी हिवाळाभर बसून शिवत आणली होती. शेवटचा थोडा काठ त्यांच्या बोटांना होईना, म्हणून तो त्यांनी माझ्याकडे दिला. तसलं लिनन पुन्हा मिळणार नव्हतं, आणि मिळालं असतं तरी वळणार कोण?

मी काठ पुरा केला, पट्टीची छान चौकोनी घडी घातली आणि काकूंना दाखवली. काकूंनी हात फिरवला, चष्मा लावून टाके बघितले, माझ्याकडे बघितलं.

"हे तू केलंस?"

"शेवटचं. बाकी बाईंनी."

"देवा," काकू हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नवं कापड आहे. तसंच नाही रे घालायचं." आणि मी हं म्हणेपर्यंत त्यांनी ओल्या हळदीचं बोट घडीच्या कोपऱ्याला लावलंसुद्धा. "कुंकू नको, इंग्रजांना चालतं-न चालतं. नुसती हळद."

आता साडीला कोपरा असतो तसा या घडीला नव्हता. ती सगळी कोपऱ्यांचीच थप्पी होती. उलगडली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळ्या ठिपक्यांची रांग, वीतवीतभर अंतराने, जणू कोणी मोजून लावलेली.

काकूंनी "अहो!" म्हणून हाक मारली. काका धावत आले आणि कोणाला न विचारता त्यांनी साबणाची वडी घासली. सगळे ठिपके लालभडक झाले.

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "झालं. हळद माझी, कुंकू तुमचं."

मी हसलो नाही. इतका चांगला जोक वाया गेला.

"पाण्यातून काढ, परत पिवळं होईल," काकू म्हणाल्या. "मग ऊन दाखवायचं. हळद उन्हाने उडते." आम्ही तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नॉटिंगहॅम होतं.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याबरोबर बाईंच्या घरी आल्याच, रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन. बाईंनी पट्टी टेबलावर पसरली. एकेका ठिपक्यावर बोट ठेवत त्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "का लावलं?"

काकूंचं इंग्लिश एरवी फाडफाड. तेव्हा मात्र त्या शब्द शोधत होत्या. "नवीन कपड्याला आम्ही लावतो. घालणाऱ्याचं चांगलं व्हावं म्हणून. तुमचं काम बघितलं आणि राहवलं नाही. माझं चुकलं."

बाईंनी डोळे पुसले, की नुसता चष्मा वर केला, मला कळलं नाही. "ब्लीच लावलं तर धागा मरेल," त्या म्हणाल्या. "त्या काळात लिनन गवतावर घालायचे. ओलं करून, उन्हात."

"ओलंच ना?" काकू एकदम सरसावल्या. "सुकू द्यायचं नाही. सुकलं की पुन्हा शिंपडायचं."

"अगदी तसंच."

मग त्या दोघींनी बागेत गुडघ्यांवर बसून ती पट्टी गवतावर अंथरली. झारीने पाणी मी घालत होतो. ढग आला की दोघी वर बघायच्या, आणि मी वेदरवाल्याच्या आवाजात "सनी इंटरव्हल्स" म्हणायचो. एकदा हसल्या. नंतर बाई म्हणाल्या, "आता पुरे, मी डक."

दुपारी ऊन चांगलं पडलं. मी त्या ठिपक्यांकडे टक लावून बसलो. बघताना काहीच होत नव्हतं. चहा आणायला आत जाऊन आलो तर पिवळं जरा फिकं. तिथे कोणी घासत नव्हतं, औषध नव्हतं. नुसतं गवत, पाणी आणि आकाशातून येणारा उजेड, आणि डाग आपला निघून चालला होता. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी बाईंनी पट्टी दिव्यापुढे धरून पूर्ण सरकवली. कुठे थांबल्या नाहीत. शेवटी फक्त "हं" म्हणाल्या, आणि काकूंनी तिथल्या तिथे एक लाडू स्वतःच खाल्ला.

पुढचं मी तोंड उघडं ठेवून बघितलं. पट्टी चुण्या घालून गळ्याच्या बंदावर बसवली होती. ती गव्हाच्या खळीत बुडवली, अर्धवट वाळवली, आणि बाईंनी तापलेली लोखंडी कांडी एकेका चुणीत घातली. चर्र आवाज, वाफ, आणि लिबलिबीत कापडातून इंग्लिश आठाचा आकडा ताठ उभा. मग शेजारी दुसरा. बाईंचा हात थरथरायचा, पण कांडी कापडाजवळ आली की थरथर थांबायची. ते कसं, मला आजही माहीत नाही.

"अगं बाई," काकू मराठीतच म्हणाल्या, "ही तर कुरडई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, गव्हाच्या चिकाची असते, तळली की फुलते. बाई म्हणाल्या, "मग बरोबर आहे. हीपण गव्हाचीच."

फेअरच्या दिवशी मी तंबूबाहेर घंटा घेऊन उभा होतो. दवंडी पाठ होती, जाडा लॉर्डछाप आवाज महिनाभर घोटलेला. पडदा सरकला आणि बाई बाहेर आल्या. कुरडई गळ्यात घातली की खाली बघताच येत नाही, मान आपोआप वर राहते. पाय कुठे पडतोय ते दिसत नसताना त्या सावकाश चालत आल्या. चेहरा त्या पांढऱ्या चाकात ठेवल्यासारखा. रोज मला "दोऱ्याला गाठ मार" म्हणणाऱ्या बाई त्यात कुठेच नव्हत्या. बर्गरच्या रांगेतली माणसं कोणी न सांगता बाजूला झाली. एका बापाने डोक्यावरची बेसबॉल कॅप काढली आणि मग ती हातात घेऊन का उभे आहोत असा स्वतःच गोंधळला.

मी घंटा वाजवली. लॉर्डाचा आवाज आलाच नाही. राणी येत आहे, एवढंच मी बोललो, आणि ते माझ्याच बार्शीच्या आवाजात निघालं.

दिवसभर त्यांनी मान खाली केली नाही. करताच येत नव्हती. दुपारी तंबूत काकूंच्या चहाचा कप तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा काकूंनी कुठूनतरी स्ट्रॉ पैदा केला आणि कप धरून उभ्या राहिल्या.

"साखर जास्त झाली का?" काकूंनी विचारलं.

"राणीला चालते," बाई म्हणाल्या, आणि सगळा चहा प्यायल्या.