कपाटातली वाकळ

कुठलंही कापड हातात आलं की आक्का आधी ते गालाला लावून बघायची. डोळे मिटून, क्षणभर. मग निकाल. "नवं हाय. न्या परत." आगीच्या बंबावरचे आम्ही सहा दांडगे गडी मुकाट्याने आपापली कापडं परत न्यायचो.

आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. आक्का ती आमच्यासाठी शिवत होती. का, ते सांगतो.

सांगलीत हळदीच्या पेठेमागे तिच्या दोन खोल्या होत्या. शेजारच्या गोदामाला आग लागली आणि तिच्या छपरापर्यंत आली. आम्ही तिला उचलून बाहेर आणलं, तर बाई परत आत पळायला लागली. "माझं बोचकं! आवं, माझं बोचकं ऱ्हायलं!" मी ड्रायव्हर, माझी जागा पंपापाशी. मी तिला दंडाला धरून ठेवलं आणि आमचे साहेब स्वतः धुरात शिरले. बोचकं घेऊन आले तेव्हा त्यांच्या दोन्ही भुवया जळाल्या होत्या.

आम्हाला वाटलं, डागदागिने असणार. सोडलं तर आत विटकी लुगडी, दोन फाटके सदरे आणि एक धोतर. माझं डोकंच फिरलं. "आक्का, या चिंध्यांपायी आमचा माणूस गेला असता!"

ती धोतरावरून हात फिरवत म्हणाली, "चिंध्या न्हाईत, डायवर. मालक हायेत माझं. लय वर्सं झाली जाऊन. एवढंच ऱ्हायलंय."

मी बोचकं पुन्हा नीट बांधून तिच्या हातात दिलं. दुसरं काय करणार?

घराची डागडुजी झाल्यावर ती आमच्या अग्निशमन केंद्रावर आली. प्रत्येकाचं एकेक जुनं कापड मागितलं. आम्ही आपले शहाणे, मानाची गोष्ट म्हणून चांगले इस्त्रीचे शर्ट नेले. त्यावर मघाचा निकाल. "घामानं मऊ झाल्यालं आणा. नवं कापड अंगाला धरत न्हाई." शेवटी मी माझा खाकी शर्ट दिला, कॉलर विरलेला. तो मात्र गालाला लावून ती हसली. "ह्यो खरा!"

तीन महिने ती शिवत होती. धोतर मधोमध, भोवती आमची कापडं. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी तिने आत भाकरीचा तुकडा ठेवला. वाकळ उपाशी ठेवायची नाही, असं तिच्या माहेरी साताऱ्याकडे करत. टाके इतके सरळ, की पट्टीने आखल्यासारखे.

आता आमचे साहेब. माणूस देवासारखा, पण मानपानाचं भारी वेड. त्यांनी वाकळ काचेच्या कपाटात लावली, शेजारी ढाली आणि प्रशस्तिपत्रं. कुलूप घातलं. पाहुणा आला की दाखवायचे.

दर शुक्रवारी बाजाराच्या पिशव्या घेऊन आक्का डोकावायची. पहिल्या शुक्रवारी कपाटाकडे बघून तशीच निघून गेली. दुसऱ्या शुक्रवारी कपाटापुढे फतकल मारून बसली. चहा दिला तर पेला बाजूला सरकवला.

"माझ्या मालकास्नी कोंडून घातलंय व्हय तुमी?"

"आक्का, हा सन्मान आहे," साहेब म्हणाले. "बाहेर काढली तर मळेल."

"मळू द्या की! मी धुईन. जिता हाय तवर माणसाला ऊब पायजे. तुमी भिजून येता, कुडकुडता, आनि वाकळ कुलपात!"

तिच्याकडे जे एकच होतं, ते तिने आमच्या अंगावर घालायला दिलं होतं. साहेबांना ते कळेना. कुलूप तसंच राहिलं आणि आक्का यायची बंद झाली.

थंडीत एका तेलाच्या गिरणीची आग विझवून आम्ही भरदुपारी परतलो. साहेब नखशिखांत भिजलेले, अंगात ताप, दात वाजत होते. मी त्यांना कोरडे कपडे घालायला लावले, त्यांच्याच खिशातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वाकळ त्यांच्या अंगावर टाकली. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी ती नाकापर्यंत ओढली. थोड्या वेळाने म्हणाले, "आक्काला बोलावून आण रे."

ती आली, झोपलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि चहा मागितला. दोन पेले प्याली!

पुढे वाकळ आळीपाळीने सगळ्यांनी वापरली. मळली, फाटली. आक्का धुवायची, ठिगळ लावायची आणि पुन्हा आणून द्यायची.

गेल्या साली आक्का गेली. झोपेतच. साहेबांनी वाकळ घेतली, आम्ही सगळे तिच्या दारात. तिला शेवटचं पांघरूण तिच्याच मालकांचं घालायचं, असं ठरवलं होतं. सासरहून आलेल्या तिच्या लेकीने दारातच अडवलं.

"दादा, आई सांगून गेलीया. ती म्हनली, बंबवाली वाकळ आनतील, अंगावर घालू दिऊ नगंस. जळून जाईल. त्यास्नी थंडी वाजती."

आम्ही ती घडी घालून परत आणली. त्या दुपारी माझी पाळी नव्हती, तरी केंद्रावरच थांबलो. वाकळ डोक्यावरून घेतली, पोटभर रडलो आणि गाढ झोपलो. कुणी उठवलं नाही.