ताईच्या भिंतीवरची संजा

१३ सप्टेंबर १९९५, बुधवार. सकाळी सहाच्या बसने धुळं सोडलं. सेंधव्याला चहा घेतला, इंदूरला गाडी बदलली आणि दिवे लागताना उज्जैनला नानाखेड्यावर उतरलो.

थोरली ताई वैशाखात गेली. तिचं भरणी श्राद्ध दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून निघालो. कुणाला याच रस्त्याने जायचं असेल तर सेंधव्याच्या घाटासाठी वेळ हाताशी ठेवा, ट्रक अडकतात. आणि इंदूरचा कंडक्टर "बस, निकल ही रही है" म्हणाला, तरी निवांत जेवून घ्या.

ताईचा बालवर्ग घराच्या पडवीत भरायचा. मुलांच्या हाती ती लवकर पेन्सिल देत नसे. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, रोज नवी आकृती. वर्षभराची पेन्सिलची तयारी ताई त्या पंधरवड्यात करून घ्यायची. शेणाची वळी करायची, उभी लावायची, आडवी लावायची, वाकवून अर्धगोल करायचा. पुढे तेच हात अक्षर काढत. पंचमीला पाच कुँवारे, म्हणजे पाच माणसं. प्रत्येकाला फुलाच्या पाच पाकळ्या, आणि मोजल्याशिवाय एकही चिकटवायची नाही. मुलगे पण शेणात हात घालायचे.

घरी पोचलो तर पडवीतली ती भिंत चकचकीत गुलाबी ऑइलपेंटची. वर सफरचंद, चेंडू, मांजर आणि इंग्रजी अक्षरं. दारावर इंग्लिश मीडियमची पाटी. बैठकीत फीत कापतानाचा फोटो, भाचा शेखर आणि सूनबाई वैशाली हारांसह. फोटो श्रावणातला. ताईला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते.

श्राद्धाच्या सकाळी टॉवर चौकात पोहे खाऊन आलो. पोहे उत्तम होते, हे लिहिलंच पाहिजे. घरी स्वयंपाकाला बाई लावली होती आणि पडवीत वर्ग चालू होता. सुट्टी दिली तर पालक नाराज होतात म्हणे. चार-चार वर्षांची मुलं वाकून पान भरत होती. समोरच्या ऑटोवाल्याची पिंकी पेन्सिल इतकी दाबत होती की टोक मोडलं. तिने वर पाहून विचारलं, "मैडम, संजा कब मांडेंगे?"

"इस साल नहीं. घर में गमी हुई है न." मग वैशालीने तिचा हात धरून नखं पाहिली. "फिर गोबर? कल से ऐसे आई तो आना ही मत. नाम काट दूँगी."

पिंकीने हात फ्रॉकमागे लपवले. मला पटकन बोलता येत नाही.

रामघाटावर पिंडदान झालं. घरी येऊन गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. कावळा समोरच्या अँटेनावर बसला आणि बसूनच राहिला. खाली पाहुणे भुकेले. शेखर हात जोडून म्हणाला, "आई, तुझा फोटो ऑफिसात लावीन." कावळा ढिम्म. "आई, दर साल ब्राह्मणभोजन घालीन." तरीही नाही.

एक पाहुणा कुजबुजला, "काकूंना खीर फीकी लागली असेल."

तेव्हा मी बोललो. "शेखर, पिंकीला वर्गातून काढणार नाही म्हण. आणि मागच्या कोऱ्या भिंतीवर मुलांना संजा मांडू दे."

"मामा, तुम्ही तर दोन दिवस राहून जाणार. गोबर में हाथ डालने की फीस क्यों दें, असं पालक विचारतात. त्यांना जवाब कोण देणार?"

"आणि घरात माणूस गेल्याची गमी? ती फीत कापताना कुठे होती?"

शेखरने डोळे मिटून घाईने शब्द दिला. कावळा उडाला आणि दुसऱ्याच गच्चीवर जाऊन बसला. शेवटी पान गाईला दिलं आणि पंगत बसली. वाढता वाढता वैशाली हळूच शेखरला म्हणाली, "कावळा शिवलाच नाही न, मग शब्द कसला?"

ताईच्या नावाने मी हातातला घास गिळला.

संध्याकाळी पिंकीच्या घरी गेलो. बाहेरच्या नुसत्या विटांच्या भिंतीवर पंचमीच्या पाचपैकी चार कुँवारे मांडून झाले होते. तिची आई घाबरली, "बाबूजी, मैडम को मत बताना." पिंकीने माझ्या हातात शेणाचा गोळा दिला. "पाँचवाँ आप करो." माझी वळी तुटली. ती म्हणाली, "ज़ोर से नहीं, बाई बोलती थी." बाई म्हणजे ताई. दुसरी नीट जमली. पाकळ्या तिने मोजल्या, बोट लावून, पाचही.

सकाळी बसच्या आधी मी तिचा हात धरून पडवीत गेलो आणि तिला पहिल्या ओळीत बसवलं. वैशालीने तिची नखं पाहिली, मग माझी. मामेसासऱ्यापुढे तिने पोरीला उठवलं नाही. पण मी गेल्यावर काय, ते मला ठाऊक नाही. पिंकी अक्षरं सहा महिन्यांनी लिहील किंवा वर्षाने, पण शेणात हात घातला म्हणून पोर दाराबाहेर ठेवायचं, तेही ताईच्या दाराबाहेर? सेंधव्याच्या घाटात गाडी पुन्हा अडकली, तेवढा वेळ हाच विचार होता.

धुळ्याला पोचलो. कुलूप काढलं, मोरीवर बसून साबणाने नखं घासली आणि एका माणसाचा भात लावला.