गढीची पांढरी माती

आमच्या गावची गढी कुण्या शत्रूने पाडली नाही. ती आम्हीच टोपल्यांनी घरी नेली. पावसाळ्याआधी धाब्याच्या घरांवर गढीची पांढरी माती पसरायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. सात बुरुज होते म्हणतात. मी मोजले तेव्हा दोन उरले होते.

थोरला बुरुज बांधताना तीनदा ढासळला, म्हणून एका पहिलटकरणीला त्यात चिणली, असं सगळे सांगत. तसा कागद मला कुठे सापडला नाही. रिवाज मात्र होता. त्या बुरुजात मातीसाठी खणलेल्या बोगद्याच्या तोंडाशी घरच्या बाईने रोज हाक द्यायची, थांबायचं, आणि आतून काही आलं नाही तर पहिली टोपली तिनेच भरायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. आमच्या धाब्याला साठ टोपल्या लागत. अठ्ठावीस झाल्या होत्या. आदल्या दिवशीच मी सुतळीने बोगदा मापला होता. अकरा हात. बायकोला सहावा महिना होता, पहिलाच.

"पोटुशीला आजबी कशाला आणली रं?" मदतीला आलेल्या शेजारच्या मावशी करवादल्या.

"मीच आले, मावशी. ह्यांनी हाक दिली तर आतलीला आधी टोपल्यांचा हिशेब द्यावा लागंल."

मावशी हसल्या नाहीत. भर दुपार होती, वारा पडलेला. बायकोने हाक दिली, "माती न्यायला आले गं बाई!" मऊ मातीत आवाज मुरून जातो. मी सवयीने मनात अंक मोजू लागलो. दहा झाले की ती आत जाणार होती.

चार मोजले तोच आतून आलं, "आले गं बाई."

आवाज तिचाच. फक्त दमलेला.

मावशींनी टोपली पालथी घातली. "चला माघारी."

"घुमला असेल," मी म्हणालो. "बत्तीस टोपल्या राहिल्यात."

"मग काल का न्हाई घुमला?"

मी बायकोला तिथेच थांबवलं आणि सुतळी घेऊन आत गेलो. नऊ हातांवर भिंत लागली. पुन्हा मापलं. नऊच. खाली ढासळलेली माती नव्हती. भिंत गुळगुळीत होती, आणि त्या उन्हाळ्यात गार. मी टिकाव काखेत मारला आणि बायकोला घेऊन घरी आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बुरुज बोगद्यासकट खाली बसला. आत कुणी नव्हतं. पावसाळाभर आमचं अर्धं घर गळलं. तेरा भांडी मांडावी लागली. कोरड्या अर्ध्यात बायको आणि आमची मुलगी निजायच्या.

माती पुढे सरकली, म्हणून आवाज आपटून परत आला, असं मी लोकांना सांगतो. नऊ हातांचं कोडं त्याने सुटतं. पण नऊ हातांवरून आवाज परत यायला चार अंक लागत नाहीत. आडात, देवळात, पुलाखाली मी हाक देऊन पाहिलं आहे.

मुलगी सव्वा महिन्याची झाल्यावर बायको ओटी घेऊन त्या ढिगाऱ्यापाशी गेली. नारळ माझ्या हातात होता. तिने खण आणि बांगड्या ठेवल्या. हाक दिली नाही, आणि मीही मोजायला थांबलो नाही.