ओल्या मूर्तीला हात

माझी मुलगी अकरा वर्षांची होईपर्यंत तिची वेणी मी घालत होते, दप्तर मी भरत होते आणि शाळेतल्या प्रकल्पांची बक्षिसंही मीच मिळवत होते. पेशाने मी शिक्षिका. पालकसभेत "मुलांची कामं मुलांना करू द्या" हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की ते मलाही लागू असेल, असं कधी मनात आलं नाही.

अशा आईने लेकीला स्वावलंबन शिबिराला पाठवायचं ठरवलं, तर तयारी कोण करणार? आठ दिवसांचं शिबिर, पेण तालुक्यात गागोद्याच्या बाजूला एका शेतावर. पत्रकात लिहिलं होतं, मुलांना आपली बॅग स्वतः भरू द्या. मी ती भरली. साबणाच्या डबीपासून चपलेपर्यंत सगळ्यावर नाव चिकटवलं आणि काय कुठे आहे याची यादी वर ठेवली. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला, दारात थांबून बघत राहिला. "शिबिराला ती चाललीय का तू?" एवढं विचारून आंघोळीला गेला. या घरात जबाबदारी फक्त मलाच कळते, हे पुन्हा एकदा पटलं.

शिबिरात मुलांना फोन बंद होता. पालकांनी तिथल्या स्वयंपाकीणबाईंना फोन करू नये, असं मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, पोरगी जेवते, भांडी घासते, झोपते. तिचं काय अडत नाय." मला ते फार लागलं. त्या दिवशी मी परत फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावणं होतं. मुलांनी आदल्या दिवशी शाडूचे गणपती हाताने घडवले होते, ते मांडवात ओळीने मांडले होते, अजून ओलेच. मुलं आत गाणं बसवत होती. तेवढ्यात एक बाबा आपल्या मुलाच्या गणपतीचं पोट गोल करत होते, एक आई उंदराला शेपूट लावत होती. मला त्यांचं हसू आलं. मग माझ्या लेकीचा गणपती दिसला. सोंड पार वाकडी, एका गालाला चिकटलेली.

माझं माहेर जोह्याचं, मूर्तींच्या कारखान्याचं. वाकडी सोंड मला बघवत नाही. पण त्याच कारखान्यात माझ्या वडिलांचा एक कडक नियम होता: ओल्या मूर्तीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. लावला, तर मूर्ती त्याची. नऊ वर्षांची असताना मी केलेला गणपती बेडकासारखा बसला होता. बाबांनी तो तसाच गिऱ्हाइकांसमोर फळीवर ठेवला. नीट करून द्या म्हणून मी मागे लागले, तर म्हणाले, "मी हात लावला तर त्यात तुझा काय ऱ्हायला गो?"

हे सगळं मला त्या दिवशी आठवलं, पण जरा उशिरा. आधी मी बोट ओलं करून सोंडेला सुरेख वळण दिलं. समाधानाने मागे वळले, तर लेक उभी.

"आजोबांकडे असं चालतं?" तिने विचारलं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलाचं काय करायचं ते मला येतं. तिने शांतपणे माझी सोंड काढून माझ्या तळहातावर ठेवली, बादलीतून माती घेतली आणि नवीन लावली. पहिल्यापेक्षा वाकडी. बाकीचे गणपती बघून पाहुण्यांनी मुलांच्या हातातल्या कलेचं फार कौतुक केलं. पोट गोल करणारे ते बाबा तर लाजले.

पेणहून रोह्याच्या बसमध्ये ती मूर्तीचा पाट मांडीवर घेऊन बसली. मी हात पुढे केला, तिने पाट खिडकीकडे सरकवला. भांडली नाही, काही नाही. आता ही मला कधीच काही हातात देणार नाही, अशी मला खरोखरच भीती वाटली.

नागोठण्याच्या पुढे बस खड्ड्यात आदळली आणि सोंड गळून पडली. माझे दोन्ही हात उचलले गेले. मी ते मागे घेतले आणि मांडीखाली दाबून बसले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही, आणि याला कोणी प्रमाणपत्रही देत नाही. तिने बाटलीतल्या पाण्याने माती ओली केली, सोंड परत बसवली, थोडा वेळ दाबून धरली. सोंड कुठल्या दिशेला चालली होती ते मी बघितलंच नाही.

मग तिने पाट माझ्यापुढे केला. "धर जरा. बाटलीचं झाकण लावायचंय. फक्त पाटाला धर."

मी फक्त पाटाला धरलं. घराजवळ, वरश्याच्या थांब्यावर उतरेपर्यंत तिने तो परत मागितला नाही, आणि मी बोट हलवलं नाही.