धुऱ्यांचं घर

चुन्याचं घमेलं हातात घेऊन मी वाकलो होतो, तेवढ्यात तेजराम म्हणाला, "थांबा सायब. बाबूजीले चुना दिसनार नाई."

गोंदियाजवळच्या मुर्री गावाच्या कडेचा प्लॉट. धान कापून झालं होतं, सकाळचं धुकं अजून जमिनीला धरून होतं. मी आर्किटेक्ट, लाइनआउट द्यायला आलो होतो. लाइनआउट म्हणजे कागदावरचं घर जमिनीवर खऱ्या मापात आखणं. दोऱ्या ताणायच्या, त्यावर चुना टाकायचा, मग त्या रेषेवर पाया खोदतात. एकदा खोदकाम झालं की घरात बदल सुचून उपयोग नसतो.

तेजरामची कामठा गावात शेती आणि गोंदियात बियाण्यांचं दुकान. रोजची ये-जा नको म्हणून इथे घर बांधायचं ठरलं. अडचण एकच होती, त्याचे वडील. बाबूजींची नजर जवळपास गेलेली. कामठ्याच्या घरात ते काठीशिवाय हिंडत आणि "तुमी जा, मी इथंच राह्यतो" यापलीकडे बोलत नसत. त्यांना एकटं कसं ठेवायचं, हे तेजराम माझ्या ऑफिसात तीनदा येऊन सांगून गेला होता. दरवेळी जाताना म्हणायचा, बाबूजींची खोली सगळ्यात भारी काढा.

मी काढली होती. मागच्या कोपऱ्यात, रस्त्यापासून लांब, अटॅच बाथरूम, भिंतीला धरायला दांडा. खरं सांगायचं तर त्या खोलीवर माझा जीव जडला होता. दुपारी ड्रॉइंगवर मान टाकून मी मनातल्या मनात तिथे दोन-तीनदा झोपूनही आलो होतो.

तेजरामची बायको उर्मिला फावडं घेऊनच आली होती. सासऱ्यांबद्दल म्हणाली, "मामाजी आजबी धुऱ्यावरून बरोबर चालतात. रेषांच्या जागी धुरे घाला."

धुरा म्हणजे धानाच्या दोन खाचरांमधला मातीचा बांध. सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्या ड्रॉइंगवर कोणी चिखल ओतला नव्हता. मला रागच आला. पण माती ओली होती आणि तेजरामने फावडं हातात घेतलंही होतं. तासाभरात घोट्याएवढे धुरे उभे राहिले. दारांच्या जागी फटी ठेवल्या, पाणी सोडायला ठेवतात तशा.

मग एक गंमत झाली. कोणी धुरा ओलांडेना. उर्मिला चहाची किटली घेऊन हॉलच्या फटीतून आत आली, वळली, स्वयंपाकघराच्या फटीतून आत गेली. तेजरामचा आवाज हळू झाला. मीसुद्धा दारातूनच गेलो, आणि दाराशी चपला काढल्या. वर छप्पर म्हणून नुसतं धुकं होतं आणि त्यात ऊन उतरत होतं. इतकं सुंदर घर मी पुन्हा बांधलेलं नाही.

मग प्लॉटच्या कडेला बसलेले बाबूजी अनवाणी आत आले. डावा पाय धुऱ्याला घासत हॉल फिरले, स्वयंपाकघरावरून पुढे गेले, मागच्या खोलीत पोचले. तिथे बराच वेळ उभे राहिले.

"इथं कोनाचा आवाज येते?"

मी म्हणालो, "मुद्दाम मागे ठेवली, बाबूजी. शांत आहे. आराम पडेल."

"मले दिसत नाई, सायब. कामठ्यात मी ऐकूनच जगून राहिलो. आवाजबी गेला तं काय राह्यलं?"

मला लाज वाटली. कमोडची उंची किती हवी हेसुद्धा मी तेजरामला विचारलं होतं. बाबूजींना काहीच विचारलं नव्हतं.

ते वळले आणि आले तसेच पुढे गेले. स्वयंपाकघर आणि फाटकाची जागा यांच्या मधोमध थांबले, खाली बसले. उर्मिलाला म्हणाले, चहा ओत. तिने आत कप मांडले. रस्त्यावरून कोणीतरी सायकलवर घंटी वाजवत गेलं. बाबूजींची मान आधी कपांच्या आवाजाकडे वळली, मग रस्त्याकडे.

"हां," म्हणाले. "इथं ठेवत असन तं येतो मी."

ती जागा पोर्चची होती. तेजरामच्या चारचाकीची. चारचाकी अजून घेतली नव्हती, पण घराच्या आधीपासून ती त्याच्या स्वप्नात उभी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. "सायब, तिथं कॉलम येते ना?"

मी नुसतं हो म्हणालो असतो तर विषय संपला असता. तिथे खांब खरंच येत होता. पण कागदावर.

"सरकवता येतो," मी म्हणालो.

तेजरामने फावडं उचललं आणि पोर्चचा धुरा स्वतःच फोडला. पाच मिनिटांचं काम. भिंत असती तर फोडली नसती, हे तोही जाणतो.

घर झालं. गृहप्रवेशाला बाबूजी काठी न घेता आत आले आणि कोणी हात धरायच्या आत आपल्या खोलीत जाऊन बसले. तेजरामची गाडी आता फाटकाबाहेर ताडपत्री पांघरून असते. मागच्या शांत खोलीत धानाची पोती ठेवली आहेत, आणि त्यांची काही तक्रार नाही.

तेव्हापासून माझ्या गाडीच्या डिक्कीत टेपशेजारी फावडं असतं. नवीन क्लायंट आला की किती बेडरूम हव्यात हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, घरात दिवसभर कोण असतं? त्यांना घेऊन या, अनवाणी.